नाव नसलेलं पत्रक

आमच्या घरी पत्रक खालून वाचायची पद्धत होती. मजकूर नंतर, आधी तळाशी बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे ते बघायचं. बाबा एका कारखान्यात युनियनचं काम करायचे आणि मी शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायच्या आधी त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. नाव छापायची हिंमत नसलेल्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आमच्या घाटकोपरच्या घरात दाराखालून एक पिवळा कागद सरकून आला, तेव्हा मी आधी त्याचा तळ पाहिला. कोरा होता. वर लिहिलं होतं: साठीपुढच्यांसाठी व्यायाम, रोज सकाळी सात, गच्चीवर, मोफत. पायांत ताकद राहते, डोकंही चालतं राहतं.

मोफत म्हटलं की माझे कान उभे राहतात. आमच्या भागात मोफत शुगर तपासणीच्या मागून पावडरचे डबे येतात आणि मोफत मसाजच्या मागून गादी. शिवाय वेळ फारच सोयीची होती. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, मांड्यांचे स्नायू उतरलेत, नुसतं चालणं पुरणार नाही, ताकदीचा व्यायाम हवा. बोलताना शब्द अडतात त्यालाही व्यायामाची मदत होते, पण हमी देत नाही, असंही ते म्हणाले होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पाय गेले की बाबा घरात कोंडले जाणार. हे नेमकं हेरून कोणीतरी कागद सरकवलाय, याची मला खात्रीच झाली.

बाबांना जायचं होतं. मी कागद त्यांच्यासमोर धरून विचारलं, खाली नाव कुठाय? त्यांनी कागद हातात घेऊन तळ पाहिला. मग तो त्यांनीच फाडला. "माका काय धाड भरली?" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते.

दोन महिन्यांनी दूध घेऊन वर येताना बाबा जिन्यात टेकले, ते उठेनातच. मी काखेत हात घालून ओढत होते, ते माझ्यावर ओरडत होते. तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी काकू वरून उतरल्या. बाबांचं आणि त्यांचं दहा वर्षं वाकडं. गच्चीला कुलूप लावणाऱ्या, वॉचमनची आठवड्याची सुट्टी अडवणाऱ्या त्या याच. आता ही बाई मजा बघणार, असं मला वाटलं.

"ओढू नकोस गं त्यांना," त्या मला म्हणाल्या. मग बाबांना सांगितलं, पायरीच्या काठावर या, पावलं जवळ घ्या, पुढे वाका, कठडा धरा, आता उठा. बाबा उठले.

हे तुम्हाला कसं येतं, असं मी जरा खडूसपणेच विचारलं. पालिकेच्या हॉस्पिटलात त्या 'कामाला' होत्या एवढंच ऐकून होतो; तेव्हा कळलं की त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. दहा वर्षं भांडलो, पण काम काय ते विचारलं नव्हतं. आणि ते पिवळं पत्रक त्यांचंच होतं; गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे संशयाच्या भरात मला सुचलंच नव्हतं.

"मग नाव का नाही टाकलंत?"

"नाव वाचून तुझे बाबा आले असते?"

उत्तर मला माहीत होतं. 

दुसऱ्या दिवशी बाबा आपणहून निघाले; मी त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले ती पाळत ठेवायलाच. कुठे सही घेतायत का, कोपऱ्यात डबे आहेत का. काही नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याने भरलेल्या बाटल्या आणि सात म्हातारी माणसं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं आणि उठताना बोलायचं. दोन कामं एकदम केली की डोक्यालाही ताण पडतो, म्हणे. बाकीचे भाज्यांची नावं घेत होते. बाबांना काकू म्हणाल्या, "नेते, तुम्ही माझ्याविरुद्धच्या तक्रारी सांगा. एका उठण्याला एक."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हा सापळा असेल तर मलाही तो दिसत नव्हता. ते उठले. गच्चीचं कुलूप. बसले. वॉचमनची सुट्टी. तिसऱ्या तक्रारीला दम लागला.

ते रोज जायला लागले. मीही जात होते, कारण माझा संशय गेला नव्हता. वॉचमनला सुट्टी मिळालेली नाही ती नाहीच, आणि व्यायाम शिकवला म्हणून ते माफ होत नाही. पण अकरा तक्रारींपर्यंत बाबा पोचले आणि जिना न थांबता चढायला लागले, हेही खरं.

परवा बाराव्या तक्रारीला ते उभे राहिले आणि शब्द अडला. जिन्यातला बंद पडलेला दिवा, मला ठाऊक होतं. मी तोंड उघडणार तोच काकूंनी हाताने थांबवलं. ही बाई चारचौघांत बाबांचा अपमान करतेय, असं वाटून माझं रक्त उसळलं. बाबांच्या मांड्या थरथरत होत्या, ओठ हलत होते.

"बसा आता," काकू म्हणाल्या.

"थांबा हो बाई," बाबा म्हणाले आणि उभेच राहिले.