गाडीतलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर

ती खंडेनवमी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. गावांची नावं सांगते, माणसांची सांगणार नाही. ती माणसं तिथेच राहतात आणि त्यांना पुढेही तिथेच राहायचं आहे.

मी तेव्हा साताऱ्याच्या खाली, महामार्गावरच्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. नवरा खात्यात होता, तो गेल्यावर मला भरती करून घेतलं. कायदा मी काम करत शिकले. त्यामुळे जे केलं तेवढंच सांगते.

नवमीला ठाण्यातही हत्यारांची पूजा असते. सतरंजी टाकून त्यावर रायफली, बेड्या, काठ्या मांडतात आणि झेंडूची फुलं वाहतात. आमची पूजा नुकतीच झाली होती. प्रसादाचे पेढे वाटत असतानाच नियंत्रण कक्षाचा फोन आला. पांढरी जीप, सांगलीचा नंबर, चालवणाऱ्याकडे पिस्तूल, शेजारी एक बाई. सकाळी त्याने महामार्गावर एका टेम्पोवाल्याला ते पिस्तूल दाखवून धमकावलं होतं.

टेम्पोवाल्याशी मी फोनवर बोलले. भाजीचा टेम्पो होता. ओव्हरटेक करण्यावरून भांडण झालं, जीपवाल्याने गाडी आडवी घातली, काच खाली केली आणि हत्यार वर धरलं.

"मग तवाच का न्हाई कळवलं?" मी विचारलं.

"भाजी उतरायची हुती, मॅडम. भाजी नासल्यावर मालक काय पिस्तुलाची गोष्ट ऐकून गप बसतोय व्हय?"

जीप सकाळी साताऱ्याच्या बाजूला गेली होती, म्हणजे ती परत याच रस्त्याने जाणार. आमच्या निरीक्षक साहेबांनी नाकाबंदी लावली. गाडीत बाई होती म्हणून मला घेतलं. दीड तासाने जीप आली.

चालवणारा पन्नाशीचा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. इस्लामपूरजवळ त्याचं शेत आणि शेतातच घर. शेजारी बसलेली त्याची बायको. साहेबांनी हत्याराबद्दल विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"हाय की. परवाना हाय त्याचा," म्हणाला आणि खिशातून परवाना काढून दिला.

मी तो नीट पाहिला. फोटो त्याचाच, हत्याराचा नंबर, गोळ्यांची संख्या, हद्द महाराष्ट्र राज्य. लोकांना वाटतं गाडीत रिव्हॉल्व्हर ठेवणं हाच गुन्हा. तसं नाही. परवाना असेल, हद्द असेल, हत्यार कव्हरमध्ये आणि आपल्या ताब्यात असेल, तर ते बरोबर घेऊन गाडी चालवता येते. ते बाहेर काढून कुणाला दाखवता येत नाही. सकाळी त्याने तेच केलं होतं. पण कागद चोख होते.

"हत्यार कुठं आहे?" साहेब म्हणाले.

त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कव्हर होतं, बटण उघडं होतं, आत काही नव्हतं.

त्याने कव्हर हातात घेऊन उलटं केलं. मग सीटखाली पाहिलं, दारांच्या कप्प्यांत पाहिलं, पुन्हा डॅशबोर्डमध्ये हात घातला. खोटं बोलणारा माणूस आधी आमच्याकडे बघतो आणि मग शोधतो. हा आमच्याकडे बघतही नव्हता.

"गोळ्या होत्या?"

"सहा. भरलेलं हुतं."

आता टेम्पोवाल्याची तक्रार बाजूला पडली. सहा गोळ्या भरलेलं रिव्हॉल्व्हर सकाळपासून दुपारपर्यंत कुठेतरी गेलं होतं आणि ते कुणाच्या हातात आहे हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. सणाचा दिवस, गावोगावी देवीचे मंडप, रस्त्याला गर्दी.

दोघांना ठाण्यात आणलं. साहेबांनी सुभेदाराला समोर बसवलं. कुठे कुठे थांबलात ते एकेक करून विचारलं. सकाळी टेम्पोवाल्याला दाखवून कप्प्यात ठेवलं. तिथून रहिमतपूरला सासुरवाडी. तिथे जेवण. निघाल्यावर एका हॉटेलवर दहा मिनिटं थांबले, तेव्हा काचा उघड्या होत्या.

"भरलेलं हत्यार आत ठेवून काचा उघड्या?" साहेबांचा आवाज चढला. "फौजेत असं केलं असतं तर?"

"कोर्ट मार्शल झालं असतं," तो म्हणाला. मान खालीच.

"मग इथं काय आम्ही आरती ओवाळायची?"

दोन माणसं हॉटेलवर पाठवली. तिथल्या कॅमेऱ्यात जीप दिसत होती, पण जीपजवळ कुणी गेलेलं दिसलं नाही. मग साहेबांना संशय आला, की नाकाबंदी दिसल्यावर यानेच ते वाटेत उसात फेकलं असेल. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ऊस. तो कसा आणि कुणी धुंडाळायचा?

मी बायकोला घेऊन मागच्या खोलीत बसले. पाणी दिलं. ते ती एका दमात प्यायली. अशा वेळी मी लगेच प्रश्न विचारत नाही. माणूस आधी काय विचारतो ते बघते. ठाण्यात आलेला कुणीही, चोर असो नाहीतर सज्जन, पहिला प्रश्न एकच विचारतो, आम्हाला कधी सोडणार. तीस वर्षांत त्याला अपवाद पाहिला नव्हता.

ही म्हणाली, "आवं बाई, आमाला आज सोडणार न्हाई न्हवं?"

"का? घाई हाय?"

"न्हाई. ठेवा. उद्यापतूर ठेवलं तरी चालंल."

मी तिच्याकडे नीट बघितलं. नवऱ्याला घाम फुटला होता, साहेबांना फुटला होता, मला फुटला होता. तिच्या कपाळावर थेंब नव्हता. हरवलेल्या रिव्हॉल्व्हरची काळजी त्या ठाण्यात एकट्या तिलाच नव्हती.

"कुठं ठेवलंस?" मी विचारलं.

तिने रिकामा पेला खाली ठेवला.

"हे बघ, मी बी नवऱ्याच्या घरात दिवस काढल्यात. मला गोष्टी सांगू नको. कुठं ठेवलंस तेवढं सांग."

"पूजेत," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. रहिमतपूरला जेवण चाललं असताना सुभेदाराला गावाकडून फोन आला. त्याच्या धाकट्या भावाने सकाळीच जेसीबी लावून दोघांच्या शेतातला बांध फोडला होता. बांधाचं भांडण जुनं होतं. सुभेदार ताटावरून उठला आणि हात धुताना म्हणाला, "आज मी न्हाईतर तो." तिने हे पूर्वीही ऐकलं होतं. पण सकाळी तिने त्याला केवळ ओव्हरटेकसाठी हत्यार काढताना पाहिलं होतं. तो चुळा भरून येईपर्यंत ती जीपजवळ गेली, कप्पा उघडला, रिव्हॉल्व्हर पदराखाली घेतलं आणि माजघरात आली.

माहेरी खंडेनवमीची पूजा मांडली होती. विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाड आणि बापाची सैन्यातली कुकरी. तिने ते रिव्हॉल्व्हर पूजेच्या कापडाखाली सरकवलं आणि वरून झेंडूची फुलं सारली. आमच्याकडे खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत कुणी हलवत नाही. विळासुद्धा हलवत नाहीत, त्या दिवशी वैरण आदल्या दिवशीचीच घालतात.

"त्यांना कळलं असतं तरी उचाललं नसतं," ती म्हणाली. "देव धर्म लय करत्यात. राग उद्यापतूर उतरला असता."

"घरात पोरं किती?"

"सात हाईत. भावाची आन् चुलतभावाची."

"आणि त्यात गोळ्या हाईत हे तुला ठावं हाय?"

तिचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. "मला वाटलं, देवाजवळ कोण हात लावतंय."

"बाई, देवाजवळच्या पेढ्याला पयला हात पोरंच लावत्यात."

तिने माहेरी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा. भावाचा फोन बंद होता. साहेबांनी रहिमतपूरच्या ठाण्याला कळवलं, पण त्यांची माणसं देवीच्या बंदोबस्तात होती आणि गर्दीतून निघायला वेळ लागणार होता. साहेब म्हणाले, "तुम्हीच निघा." मी तिला आमच्या जीपमध्ये घातलं आणि आम्ही निघालो.

पाऊण तासाचा रस्ता. तो वर्णन करण्यासारखा नव्हता. ती सारखी फोन लावत होती आणि मी सारखी म्हणत होते, राहू दे, राहू दे. वाटेत ऊसवाहतुकीचा एक रिकामा ट्रॅक्टर पुढे आडवा आला, तेव्हा आमच्या चालकाला मी कधी दिल्या नव्हत्या तशा शिव्या दिल्या. माझ्या डोळ्यांपुढे एकच येत होतं. सात पोरं गोल करून बसलीत आणि एकाच्या हातात ते आहे.

घर आलं. अंगण मोकळं. सणाच्या दिवशी ज्या घरात सात पोरं आहेत त्या घरातून आवाज नाही. मी जीपमधून उतरले. ती माझ्या आधी आत पळाली.

माजघरात पूजेसमोर तिचा बाप पाटावर बसला होता. ऐंशीचा म्हातारा, पांढरा सदरा, डोक्याला पटका, पाठ ताठ.

"पोरं कुठं हाईत?" ती ओरडली.

"वरडू नगं. मळ्यात धाडल्यात समद्यांना. बायकाबी देवीला गेल्यात." मग माझ्या गणवेशाकडे बघून म्हणाला, "आलासा व्हय. बरं झालं. लय वेळ लावलासा."

त्याने दुपारी पूजेच्या दिव्यात तेल घालताना हत्यारं मोजली होती. सैन्यात पंचवीस वर्षं रोज मोजायची सवय. सकाळी अकरा मांडली होती, आता फुलांखालचा उंचवटा धरून बारा भरली. कापड उचललं तेव्हा जावयाचं रिव्हॉल्व्हर ओळखलं. जागेवरच उघडून गोळ्या काढल्या, सदऱ्याच्या खिशात टाकल्या, पोरांना मळ्यात पिटाळलं आणि पाट ओढून बसला. साडेतीन तास तो तिथून हलला नव्हता.

"फोन किती वेळ लावतोय आम्ही," मी म्हणाले.

"वाजत हुता की. उठलो असतो तर हितं कोण बसणार?"

त्याने खिशातून गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. सहा. मी दोनदा मोजल्या. त्यानंतर मी भिंतीला टेकून खाली बसले. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

शेजारचे दोन पंच बोलावले, पंचनामा लिहायला घेतला. तेव्हा म्हाताऱ्याने रिव्हॉल्व्हरवर हात ठेवला. "पूजेतलं हत्यार उद्याशिवाय हालायचं न्हाई."

"आजोबा, आमच्या ठाण्यातबी पूजा मांडलीय," मी म्हणाले. "हितल्या पूजेतनं उचलून तितल्या पूजेत ठेवते. देवाला काय फरक पडतोय?"

त्याने थोडा विचार केला. "फुलं घालणार?"

"घालीन."

"मग न्या," म्हणाला आणि हात काढला.

संध्याकाळी ठाण्यात त्या बाईचा जबाब घ्यायचा होता. खरं काम तिथे होतं. ती म्हणाली, "हत्यार मी काढलं असं लिवा. का काढलं ते लिवू नका. दिराला मारायला निघालं हुतं असं कागदावर आलं, तर दोन घरं जन्मात एक व्हायची न्हाईत. आन् हे मला नांदवायचे न्हाईत."

मी तिला सांगितलं, की परवाना नवऱ्याच्या नावावर आहे, तुझ्या नाही. कारण न लिहिता हत्यार तू काढलंस, लपवलंस एवढंच राहिलं तर आरोपी म्हणून तुझं नाव येईल. कारण लिहिलं तर जीव वाचवायला केलं हे साहेब वर कळवू शकतील. कारण खरंही आहे.

"आन् माझं घर?"

"ते मला वाचवता येत न्हाई," मी म्हणाले.

मी सगळं लिहिलं. तिला वाचून दाखवलं, मोठ्याने, एकेक ओळ. तिने सही केली आणि माझ्याकडे बघितलं नाही. जाताना पाणी विचारलं तर नको म्हणाली.

सुभेदारावर टेम्पोवाल्याला धमकावल्याचा आणि हत्यार निष्काळजीपणे ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. रिव्हॉल्व्हर मुद्देमालात जमा झालं. बाईला आरोपी केलं नाही. परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला. सुनावणीला कागदपत्रं घेऊन मी सांगलीला गेले. तिथे तिचा जबाब वाचला जाणार हे मला माहीत होतं. सुभेदाराबरोबर वकील होता. तो बायकोचा जबाब दबावाखाली घेतला असं सांगायला उभा राहिला.

सुभेदाराने त्याला हाताने खाली बसवलं.

"जबाब खरा हाय, साहेब," तो म्हणाला. "गाडीत हत्यार असतं तर मी भावाला ठिवला नसता. परवाना रद्द करा."

मी त्याला भला माणूस म्हणत नाही. त्याने आधी हत्यार काढलं, नंतर शहाणपण आलं. बांधाचा दावा अजून चालू आहे. बायको त्याच्याच घरात आहे एवढं मला कळलं, ती सुखात आहे का हे मी विचारायला गेले नाही.

पण एक गोष्ट मला लागली. त्याला परवाना देताना पोलिसांनीच चौकशी केली होती. पोलीस पाटलाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, गुन्ह्यांची नोंद पाहिली आणि 'वर्तणूक चांगली' असा अहवाल दिला. त्या घरात जो माणूस त्याचा राग रोज बघत होता, त्याला कुणी विचारलं नाही. असे अहवाल मीही कितीतरी लिहिले होते आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतर शस्त्र परवान्याची चौकशी माझ्याकडे आली, की मी पाटलाकडून चहा घेऊन परत येत नसे. अर्जदाराच्या घरी जायची, त्याला बाहेर बसवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. बहुतेक बायका म्हणत, आमची काय हरकत. एका घरी बाई भाकरी थापत होती. मी विचारल्यावर तिचा हात थांबला नाही. दाराकडे एकदा बघून तिने हळूच म्हटलं, "नगा देऊ."

मी बाहेर आले, अर्जदाराचा चहा घेतला आणि ठाण्यात येऊन अहवालात 'शिफारस नाही' असं लिहिलं. कारणाच्या जागी तिचं नाव घातलं नाही. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, कारण माझ्या नावावर लिहा.