शनिवारी गाडी देली, चावी ठेवून घेतली

आज माह्या पोरीचा नर्सच्या नोकरीचा इंटरव्ह्यू बुडाला. मलकापूरले रेल्वे धरायची होती अन् रस्त्यातच आमची जुनी घेतलेली कार पंक्चर झाली.

स्टेपनी होती, जॅक होता. पण चाक चोरीले जाऊ नये म्हणून त्याच्या एका नटाले खोलाची येगळी चावी लागते म्हणे, तीच नाही!

ज्यानं गाडी विकली त्याले फोन लावला. तो म्हणे, "काकू, तुम्ही गाडी नेली तो शनिवार होता. शनिवारी कोणाले लोखंड देत नाही ना, म्हणून चावी काढून ठेवली."

मी म्हटलं, "मंग गाडी काय लाकडाची होती काय बे?"

तो हासला. इकडं पोरगी रडून राह्यली होती.

बायाहो, गाडीले हार घालाच्या आधी हे चावी मागून घ्या. अन् सांगा, माह्या पोरीले आता कोण बोलावणार?