भिंतीवरचं रॉकेट मी काढलं नाही

मंडळी, आज दुपारी मला बघायला पाहुणे आले होते. सकाळपासून आईचा एकच धोशा, "भिंतीवरचा ता रॉकेट आधी काढ."

ते रॉकेट म्हणजे एका जुन्या विज्ञान कॉमिकचं मुखपृष्ठ. कॉलेजात असताना रद्दीत मिळालं, मी फ्रेम करून घेतलं. लाल मातीत रुतलेलं रॉकेट, वर दोन चंद्र, एक हिरवा राक्षस आणि त्याच्यासमोर हातात पाना घेऊन उभी असलेली बाई. तसल्या बहुतेक मुखपृष्ठांवर बायका नुसत्या किंचाळत असतात. ही नाही. म्हणून माझी सगळ्यात लाडकी.

मी काढलं नाही.

पोहे खाताना मुलाच्या आईची नजर तिथेच. "लहान भावाचं का?"

"नाही, माझं."

"बरं. लग्नानंतर आमच्याकडे असलं चालणार नाही हां."

"मग मीपण नाही चालणार," मी म्हटलं.

मुलगा चहाच्या कपात बघत बसला. "कळवतो" म्हणून सगळे गेले.

वाटलं, आई आता फाडून खाणार. पण ती बश्या उचलता उचलता भिंतीसमोर थांबली. "गो, त्या बायच्या हातात काय आसा?"

"पाना."

"शोभता तिका," म्हणाली आणि मोरीकडे गेली.

तुम्हाला कुणी उतरवायला सांगूनही तुम्ही उतरवलं नाही, असं काय आहे तुमच्या भिंतीवर? फोटो टाका.