मालनबाईंचे चार दिवस

हरिश्चंद्रांच्या पानवेलींसारख्या वेली अख्ख्या वटार गावात नाहीत. सुपारीला बिलगून त्या अशा चढतात, की सकाळचं ऊन पानापानांतून हिरवं होऊन खाली उतरतं. वाडीत कायदा एकच: कावळा शिवलेल्या बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, वेल जळते.

त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, हा कायदा मनापासून पाळला. महिन्याचे चार दिवस त्या ओटीवर पाय पसरून मोबाइलवर मालिका बघत, आणि हरिश्चंद्र स्वतः भात शिजवून ताट दुरून सरकवत. आता मालनबाई बासष्टच्या. कावळ्यानं यायचं सोडून बारा वर्षं झालेली. पण सांगणार कोण? हरिश्चंद्रांना प्रत्येक वेलीचं वय पाठ. बायकोचं त्यांनी कधी मोजलंच नाही.

यंदा सून अक्षयानं नव्या वेलींची रांग लावली. आणि नेमकी तिची पाळी आली. हरिश्चंद्र फाटकात आडवे उभे राहिले.

"पाणी मी घालतो. तू घरात जा."

"बाबा, तुम्ही नळी सोडता आणि चहाला जाता. मुळं कुजतील!"

"वेल मला शिकवतेस?"

"मग सांभाळा तुमची वाडी. मी विरारला नोकरी बघते."

ओटीवर मालनबाईंचा तिसरा दिवस चालू होता. मालिकेत सून सासूला आता खडसावणार, एवढ्यात त्यांनी मोबाइल थांबवला. सून गेली तर वाडी गेली. बोललं तर ओटी गेली. त्यांनी एक लांब उसासा सोडला.

"अहो, गेल्या पावसात दोन रांगा कुजल्या, तेव्हा काय म्हणालात?"

"तुझी सावली पडली. खरंच आहे ते."

"कसली सावली? बारा वर्षं झाली बंद होऊन."

"मग दर महिन्याला बसतेस ती?"

"बसायला बरं वाटतं."

"आणि भात मी शिजवतो!"

"मऊ करता हो छान. मीठ तेवढं कमी पडतं."

हरिश्चंद्र फाटक सोडून ओटीकडे दोन पावलं आले. अक्षया नळी घेऊन त्यांच्या बाजूनं आत गेली. त्यांनी वळून विचारलं, "मग रांगा कुजल्या कशानं?"

"पाणी साचलं होतं, बाबा," आतून आवाज आला. "कुंपणाकडून चर काढा."

हरिश्चंद्र उठले आणि कुदळ शोधायला गेले.

मालनबाई जड पावलांनी तांदूळ धुवायला निघाल्या. मालिकेत काय झालं ते कळायला आता रात्र होणार होती.