माधवनगरच्या मिस्त्रींनी नाकारलेल्या नळ्या

खंबाटकीचा घाट ओलांडला तेव्हा गाडीत आम्ही तिघं होतो: ड्रायव्हर, युरोपातून आलेला एक खरेदीदार आणि त्याची दुभाषी म्हणून मी. सत्तरचं दशक सरत आलं होतं. जर्मन येत असल्यामुळे पुण्यात मला अशी कामं मिळत. सूतगिरणीच्या चात्यांसाठी, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्यांसाठी, पोलादी नळ्या करून घ्यायच्या आहेत, एवढंच पाहुण्याने सांगितलं होतं.

वाईला कृष्णेच्या घाटावर चहा घेतला. साताऱ्यापुढे चाक पंक्चर झालं. ते बदलेपर्यंत रस्त्याकडेच्या घरातल्या बाईंनी आम्हाला बोलावून माडगं (हुलग्यांची पातळ पेज) दिलं. पाहुण्याने वाटी चाटूनपुसून संपवली. माणूस वाईट वाटत नव्हता. कराडच्या पुढे मग सांगलीपर्यंत ऊसच ऊस.

माधवनगरला तातोबा मिस्त्रींचं वर्कशॉप. फौजेत हात बसलेला माणूस, आता गिरण्यांचे सुटे भाग करायचा. काम मंदावल्यामुळे तीनपैकी दोन लेथ बंद होते. मिस्त्रींनी ड्रॉइंग उजेडात धरलं, नमुन्याची नळी बोटावर तोलली आणि मिनिटाला फेरे किती, असं विचारलं. मी आकडा सांगितला.

"बाई, येवढ्या वेगात धागा टिकंल का? आन् नळी आतनं येवढी गुळगुळीत कशापायी?"

मी पाहुण्याला विचारलं. तो वैतागून म्हणाला, आत वायू फिरणार आहे, तो धातू खातो. पण हे यांना सांगू नका.

एका विज्ञान मासिकासाठी मी नुकताच लेख अनुवादला होता. युरेनियमचा वायू करून अशाच नळ्यांत गरगर फिरवतात आणि बॉम्बचा माल वेगळा काढतात. म्हणजे कुठलं तरी सरकार हे गुपचूप जमवत होतं. मिस्त्रींना हे सांगितलं तर माझं काम जाणार होतं. तरी मी मराठीतून सगळं सांगून टाकलं.

मिस्त्रींनी नळी फडक्याने पुसली आणि पाहुण्यापुढे ठेवली. त्याने म्हणाल ती किंमत देऊ केली.

"त्यास्नी सांगा, गिरणीचं काय बी आणा, करून देतो. ह्ये आमच्या हातनं व्हायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी ह्यांच्यासंगं माघारी जाऊ नगा. घरला माझी मंडळी हाय. जेवा, ऱ्हावा. सकाळच्या गाडीत बसवतो."

पाहुणा माझ्याशिवायच, ड्रायव्हरबरोबर परतला. पुण्याला पोचल्यावर मी आठवेल तेवढं लिहून दिल्लीला सरकारकडे पाठवलं. उत्तर आलं नाही. त्या पाहुण्याला नळ्या दुसरीकडे मिळाल्याही असतील.

त्या मुलखात पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी घाट, देवळं सांगते आणि मग तातोबा मिस्त्रींची गोष्टही सांगते. मात्र माधवनगर एवढंच. तसला कुणी पुन्हा त्यांच्या दारात जाऊ नये म्हणून वर्कशॉपची गल्ली अजून कुणाला सांगितलेली नाही.