निमगोरी

आमच्या वेळी स्थळाची माहिती देताना मुलीला 'सावळी' म्हणायची पद्धत नव्हती. 'निमगोरी' म्हणायचं. सदाशिव पेठेत वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या बाईंनी आईला तसं स्पष्टच सांगितलं, "अहो, सावळी म्हणालात तर कोणी ढुंकून बघणार नाही." मी शेजारीच बसले होते. उरलेला निम्मा रंग कुठे गेला म्हणून सांगायचं, असं अगदी ओठावर आलं होतं, पण आईनं चिमटा काढला.

तोवर घरात माझ्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी एम.कॉम. झाले होते, बँकेत लागले होते, आणि भांडायला उभी राहिले तर पेठेत कुणाला ऐकत नव्हते. मग रंगीत टीव्ही आला आणि त्यावर ती क्रीमची जाहिरात यायला लागली. सावळी मुलगी खिडकीशी रडवेली होऊन बसलेली; क्रीम लावलं की गोरी, लगेच नोकरी, लगेच नवरा. मी मोठ्यानं हसायचे आणि आंघोळीनंतर गुपचूप तेच क्रीम थापायचे. एकदा आईला ट्यूब सापडली. ती संपायच्या आत किराण्याबरोबर तिनंच दुसरी आणून ठेवली. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

दाखवायचा फोटो काढायला गेलो तेव्हा स्टुडिओवाले म्हणाले, "काळजी करू नका, प्रिंट उजळ काढतो." काढली खरी. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, काही पत्ता लागेना. पण काय सांगू, मला तो फोटो फार आवडला. येता-जाता काढून बघायचे आणि मग आरशासमोर जायचं टाळायचे.

त्या फोटोवरून कोथरूडची मंडळी मला बघायला आली. मी पोह्यांच्या बश्या आणल्या, सगळ्यांना दिल्या आणि बाजूला उभी राहिले. मुलाच्या आई माझ्याकडे बघून छान हसल्या आणि आईला म्हणाल्या, "ही धाकटी वाटतं? गोड आहे हो. आता मुलीला बोलवा ना."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मी, एवढी भांडकुदळ, मी काय करावं? मी वळून आतल्या दाराकडे पाहिलं. फोटोतली ती आता येईल, असं क्षणभर खरंच वाटलं मला.

मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. "मीच ती," मी म्हणाले. "फोटो जरा जास्त उजळलाय, एवढंच." पाहुण्यांनी निमूटपणे पोहे संपवले आणि 'कळवतो' म्हणून गेले. काय कळवणार ते सगळ्यांना कळलं होतं.

संध्याकाळी आई बश्या धुताना रडायला लागली. मला वाटलं, स्थळ गेलं म्हणून. म्हटलं, "जाऊ दे गं, दुसरं येईल."

"स्थळाचं नाही गं," ती म्हणाली. "तू लहान होतीस तेव्हा मला तुझ्यात काही कमी दिसलंच नव्हतं कधी. आज त्या बाई मुलीला बोलवा म्हणाल्या ना, तेव्हा तू समोर उभी होतीस, आणि मीसुद्धा दाराकडेच बघितलं."