डोंगराला रंग न देणारे चाचा

लोणावळ्याच्या बाजारातले फोटोवाले चाचा गिऱ्हाइकाला सहसा नाही म्हणत नसत. रडणाऱ्या मुलाचा फोटो ते तीनतीनदा काढत, नवरदेवाचा फेटा स्वतः नीट बसवून देत. फक्त डोंगरदऱ्यांच्या फोटोला ते कुणालाही रंग लावू देत नसत.

तेव्हा फोटो काळेपांढरेच निघत आणि हौशी माणसं ते वरून रंगवून घेत. हे काम माझ्याकडे होतं. माझे वडील पेणला गणपती रंगवायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकले होते. लग्नानंतर लोणावळ्याला आले, यजमान रेल्वेत होते आणि आमचं घर चाचांच्या दुकानाला लागूनच होतं. माणसांचे फोटो चाचा खुशाल माझ्याकडे पाठवत. पण मुंबईचा पाहुणा दरीचा फोटो रंगीत मागू लागला की म्हणत, "शेट, फेट्याचा रंग ठरलेला असतो. डोंगर सकाळी एक, दुपारी एक. मी कुठला देऊ?"

एकदा मी त्यांना न विचारता बेडशाच्या डोंगराचा फोटो रंगवला. चाचांनी तो दारातल्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "हात चांगला आहे, ताई. पण हा डोंगर तुम्ही बघितलेला नाही." ते खरं होतं. मी बेडशाला कधी गेलेच नव्हते. चाचा मात्र कॅमेरा पाठीवर घेऊन तिथं चढत आणि हवा तसा उजेड पडेपर्यंत दगडावर बसून राहत.

एके दिवशी कान्ह्याहून साळूमावशी नावाची म्हातारी दुकानात आली. तिचं गाव धरणाखाली गेलं होतं. पाणी चढण्याआधी चाचांनी टेकडीवरून त्या गावाचा फोटो काढला होता, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. चाचांनी त्या फोटोची जुनी काचेची निगेटिव्ह शोधून फोटो छापला आणि तिच्या हातात दिला. ती पाहत राहिली.

"ह्ये आमचं गाव न्हाई," ती म्हणाली.

"मावशी, तेच आहे. हे देऊळ बघा."

"देऊळ हाय. पर आमचं गाव असं राखंवानी न्हवतं."

थोड्या वेळानं फोटो घेऊन चाचा माझ्या दारात आले. मागोमाग मावशी होती. "ताई, हा रंगवा," ते म्हणाले. "मावशी सांगतील तसा."

तीन दिवस मावशी माझ्या शेजारी बसून होती. मी खाचरं हिरवी करू लागले तर तिनं हात धरला. "दसऱ्याच्या टायमाचं दिसतंय. भात पिवळं पडलं आसंल." नाचणी तांबूस करून घेतली. स्वतःचं छप्पर तिनं बोटानं दाखवलं. "त्या साली नवं शाकारलं होतं. सोन्यावानी दिसायचं." चाचा अधूनमधून येऊन उभे राहत, पण मधे बोलत नसत.

शेवटी विहिरीवरची एक बारीकशी आकृती उरली. मी विचारलं, "ही कोण?"

"माझी लेक, यमुना. पुढं साथीत गेली."

"लुगडं कोणतं होतं?"

मावशीनं आठवून पाहिलं. हिरवं म्हणाली, मग नको म्हणाली. डोळे मिटून बसली. "न्हाई येत ध्यानात," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिला तशीच. खोटं नगं."

मी कुंचला खाली ठेवला. पिवळ्या शिवारात यमुना काळीपांढरीच राहिली. मावशी फोटो पदरात गुंडाळून गेली, तेव्हा चाचा तिला स्टेशनापर्यंत पोचवायला गेले.

त्यानंतर डोंगराचा फोटो कुणी रंगीत मागितला की चाचा विचारत, "तुम्ही तिथं राहिलात का? मग ताईंजवळ बसा आणि सांगा." बहुतेक जण काळापांढराच घेऊन जात.

पुढं यजमानांची बदली सोलापूरला झाली. निघताना चाचांनी एक फोटो दिला. आमच्या मागच्या दारातून दिसणारा डोंगर होता. मी घरात नसताना कधीतरी येऊन त्यांनी काढला असावा. "याला रंग तुम्ही द्या," ते म्हणाले. "इथं तुम्ही सात वर्षं काढलीत."

सोलापुरात भांडी लागायच्या आत मी तो रंगवला आणि टपालानं चाचांकडे पाठवला. पंधरा दिवसांनी परत आला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "डोंगर बरोबर. आभाळ एवढं निळं नव्हतं."

मला थोडा राग आला आणि फोटो मी पेटीत टाकला. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचं पत्र आलं, चाचा गेल्याचं. त्या दुपारी मी फोटो बाहेर काढला, कापूस ओला केला आणि आभाळ हलक्या हातानं पुसत राहिले, ते लोणावळ्याचं दिसू लागेपर्यंत.